इंग्रजीतला 'बाय' (by) म्हणजे 'ने' की 'पर्यंत'?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: दोन्ही. पण घोळ होतो तो उलट्या दिशेने. मराठीतल्या प्रत्येक 'ने'ला आणि प्रत्येक 'पर्यंत'ला इंग्रजीत 'बाय' चालत नाही.

आधी 'पर्यंत', कारण कामाच्या पत्रांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा'. आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे', दुसऱ्याला 'अंटिल फ्रायडे'. पाठवणं एकदा झालं की संपतं, थांबणं मात्र शुक्रवार उजाडेस्तोवर चालूच राहतं. शंका आली की 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत पाठवा' चपखल बसतं, म्हणजे 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांबा' कानालाच खटकतं, म्हणजे 'अंटिल'. फक्त एक लक्षात ठेवा, 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवारही धरलेला असतो. तो नको असेल तर 'बिफोर फ्रायडे' लिहा. शुक्रवारी किती वाजता यावरून वाद नको असेल तर वेळही टाका.

आता 'ने'. 'काच दगडाने फुटली' हे वाक्य घ्या. 'बाय अ स्टोन' म्हटलं तर दगड आपसूक येऊन आदळला. 'विथ अ स्टोन' म्हटलं की तो कुणाच्या तरी हातात होता. म्हणून हत्याराला 'विथ': चाकूने कापलं, पेनाने लिहिलं. करणाऱ्याला 'बाय', आणि तेही कर्मणी वाक्यात. कृतीच साधन असेल तर पुन्हा 'बाय', पुढे क्रियापदाला 'इंग' लावून: 'बाय प्रेसिंग धिस बटन'.

प्रवासाला 'बाय बस', 'बाय ट्रेन'. मधे 'अ' नाही, 'द' नाही, 'माय'ही नाही. 'बाय माय कार' चूक, 'इन माय कार' बरोबर. पायी जायचं तर 'ऑन फूट'.

आकड्यांत मात्र मराठी 'नी' अगदी सरळ मदतीला येतं. भट्टीचं तापमान १८० अंश आहे. '२० अंशांनी कमी करा' म्हणजे 'रिड्यूस बाय २०', राहिले १६०. '२० अंशांवर आणा' म्हणजे 'रिड्यूस टू २०', भट्टी थंडगार. सूचना वाचताना हे दोन इवलेसे शब्द डोळ्यांखालून निसटतात, आणि गंमत म्हणजे व्याकरण दोन्हीकडे बिनचूकच असतं. भागाकार-गुणाकारही याच घरातले: तीनने भागलं, 'डिव्हायडेड बाय थ्री'. '१० बाय १२ची खोली' तर आपण बोलतोच.

'बाय द विंडो' म्हणजे खिडकीलगत. 'निअर'पेक्षा जवळ, एवढंच.

'बाय हार्ट' हे क्रियापद नव्हे. 'आय बायहार्टेड इट' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत 'आय लर्न्ट इट बाय हार्ट' असंच म्हणतात.

आणि भाषांतर करणाऱ्यांना एक विनंती. 'बाय' दिसला की 'द्वारा' चिकटवू नका. 'त्यांच्याद्वारे लिहिले गेलेले पत्र' कशाला? 'त्यांनी लिहिलेलं पत्र' म्हणा. 'ने' आणि 'नी' ते काम कधीचे करताहेत.