आसिया: ऐन की अलिफ?

मुलगी झाली त्याच संध्याकाळी अब्बांनी तिच्या उजव्या कानात अजान दिली, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहताना म्हणतात ती हाक. नाव मात्र ठरलेलं नव्हतं. सातव्या दिवशी अकिका, म्हणजे बाळाच्या जन्मानिमित्त बोकड कापण्याचा विधी, करायचा होता, त्याच्या आत ठरवायचं होतं.

मला आसिया हवं होतं. फिरऔनची, म्हणजे मिसरच्या बादशहाची, पत्नी. कुराणात तिचं नाव येत नाही, ते हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्ये आणि आठवणींमध्ये आहे. कुराणाच्या 66व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, 'फिरऔनची पत्नी' एवढाच उल्लेख आणि तिची दुआ (प्रार्थना) आहे: तुझ्याजवळ, जन्नतमध्ये माझ्यासाठी एक घर बांध. महालात राहणारी बाई घर मागते, हे सातव्या महिन्यात वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

सासूबाईंच्या मनात परवीन किंवा नसरीन होतं. ह्यांचं म्हणणं, ती फारसी नावं, आपल्याला अरबी हवं. तसं फारसी नावाला काही बंदी नाही, अर्थ चांगला असला की झालं.

खरा घोळ तिसऱ्या दिवशी झाला. नणंदेचा मेसेज आला: "भाभी, आसिया नका ठेवू. त्याचा अर्थ नाफरमान, आज्ञा न मानणारी. हुजूरांनी, म्हणजे पैगंबरांनी स्वतः ते नाव बदललं होतं." मी फोनवर शोधलं, तर हदीस खरी निघाली. पैगंबरांचे सोबती हजरत उमर यांच्या मुलीचं नाव बदलून जमीला ठेवलं होतं. त्या रात्री लेकीला पाजताना मी तिला नावाने हाक मारली नाही. जीभच उचलेना.

सकाळी हे मशिदीत गेले आणि पेशइमामांकडून वहीचं एक पान घेऊन आले. निळ्या शाईत, एकाखाली एक, दोन शब्द लिहिलेले: عاصية आणि آسية. वरचा ऐन आणि स्वाद या अरबी अक्षरांनी, म्हणजे आज्ञा मोडणारी. खालचा अलिफ-मद आणि सीनने, ते फिरऔनच्या पत्नीचं नाव. मी दोन्हींवरून बोट फिरवलं. मूळ वेगळं, अक्षरं वेगळी. देवनागरीत मात्र दोन्ही 'आसिया'च, आणि आपल्या जिभेवर ऐनचा घशातला उच्चार उतरत नाही, म्हणून कानालाही फरक कळत नाही. फोनवरच्या नावांच्या याद्यांमध्ये मूळ अरबी अक्षरं नसली, तर त्या अर्थावर विसंबू नका, हे मी आता प्रत्येक गरोदर बाईला सांगते.

सातव्या दिवशी जावळ काढलं. रुमालावर पडलेले ते मऊ केस सोनाराने तोलले, जेमतेम एक ग्रॅम. तेवढ्या चांदीचे पैसे सदका, म्हणजे दान केले. एक बोकड कापला आणि सगळ्यांसमोर नाव घेतलं.

पुढचं काम दाखल्याचं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव नंतरही घालता येतं, बारा महिन्यांपर्यंत त्याला पैसे पडत नाहीत. आम्ही गेलो तर छापण्याआधी दाखवलेल्या मसुद्यात नाव 'आशिया' आलं होतं. खंडाचं नाव! मी तिथेच थांबवलं. कारकुनाने बदलून दिलं, पण मी पुन्हा अक्षर-अक्षर वाचल्याशिवाय सही केली नाही. तुम्हीही करू नका.

पेशइमामांचं ते पान आता तिच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवलंय. खालच्या शब्दाभोवती मी पेनाने गोल केलाय.