शेवटाकडून वाचलेला खटला

न्यू जर्सीतल्या एका ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म स्कॅन करणं हे माझं काम. ज्या रिळाला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटलाय ते आधी घ्यायचं, कारण ती फिल्म खराब व्हायला लागलेली असते. सालांचा क्रम बघत बसलो तर हातची जायची. म्हणून एडगर स्मिथचं प्रकरण माझ्यासमोर उलटं आलं.

आधी १९७७. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात स्मिथ कबूल करतोय की १९५७ साली न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीतल्या १५ वर्षांच्या मुलीला त्यानेच मारलं. मग १९७६. सॅन दिएगोजवळ एका बाईला गाडीत कोंबून त्याने सुरा खुपसला. ती झगडून निसटली, म्हणून वाचली.

दुपारी १९७१चा डिसेंबर लावला आणि चहाला उठायचं राहूनच गेलं. मृत्युदंडाच्या कोठडीत १४ वर्षांहून जास्त काढलेला स्मिथ सुटला होता. हॅकेनसॅकच्या न्यायाधीशांपुढे त्याने सुटकेच्या बदल्यात, तडजोड म्हणून, खून मान्य केला. बाहेर विल्यम बकलींची आलिशान मोटार उभी. त्याच दिवशी बकलींच्या टीव्ही कार्यक्रमात बसून हा सांगतो, कोर्टातली कबुली सुटकेपुरती होती!

बकली म्हणजे उजव्या विचारांचे नामांकित संपादक, गुन्हेगारांचा कळवळा येणाऱ्यांतले नव्हेत. स्मिथ त्यांचं मासिक आवडीने वाचतो, एवढं कानावर आलं आणि त्यांनी अंक फुकट सुरू केले. पत्रव्यवहार वाढला, १९६५मध्ये त्यांनी ‘एस्क्वायर’ मासिकात त्याच्या बाजूने लेख लिहिला, वकिलांसाठी पैसे उभे केले. बकलींना वाद घालणारा हुशार वाचक मिळाला. त्याचं पुस्तक काढणाऱ्या संपादिकेला प्रेमपत्रं. ज्याची जी भूक, ती त्याने भागवली. पंचाईत अशी की कायद्याचा मुद्दा खोटा नव्हता. १९५७मध्ये तासन्तास चौकशी करून घेतलेला त्याचा जबाब फेडरल न्यायालयाने बाद ठरवला, ते मला आजही बरोबरच वाटतं.

१९७६मध्ये फरारी असताना स्मिथने लास वेगासहून फोन केला तो बकलींच्याच कार्यालयात. जुनी ओळख कामी येईल असं वाटलं असणार. बकलींनी त्याचा ठावठिकाणा तडक एफबीआयला कळवला. आपण फसलो, हेही पुढे लिहून मान्य केलं.

स्मिथ २०१७मध्ये कॅलिफोर्नियात कैदेतच वारला. ती बातमी आमच्या रिळांत नाही; तोवर आमच्याकडे मायक्रोफिल्म काढणं बंद झालं होतं.