जस्ताची क्रीम आणि इंदूरचं ऊन

इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच खाली. जून आणि जुलै, दोन्ही महिन्यांच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत हेल्मेटमधून घाम ओघळतो, त्याबरोबर केमिकल सनस्क्रीन डोळ्यांत उतरतं आणि चालत्या गाडीवर डोळे झोंबतात. मिनरलकडे, म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या सनस्क्रीनकडे, वळायचं माझं कारण एवढंच. ‘नैसर्गिक’ हे कारण नव्हे. ट्यूबमधलं झिंक ऑक्साइड कारखान्यातच तयार होतं, जस्ताची वाफ हवेत जाळून. ते उन्हाला आरशासारखं परतवतं हेही अर्धंच खरं. परावर्तन थोडं, बाकीचे बहुतेक अतिनील किरण केमिकलसारखं तेसुद्धा शोषूनच घेतं.

अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१९ मध्ये झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोनच घटकांना सुरक्षित व परिणामकारक मानण्याचा प्रस्ताव मांडला आणि १२ केमिकल घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. अॅव्होबेन्झोनसारखे घटक रक्तात उतरतात हे तपासण्यांत दिसलं. उतरतात म्हणजे अपाय करतात असं मात्र त्यात सिद्ध झालेलं नाही, तेव्हा घरातली जुनी ट्यूब घाबरून फेकू नका.

ट्यूब घेताना पुढची बाजू सोडून मागची वाचते. ‘मिनरल’ मोठ्या अक्षरांत असतं, पण यादीत इथाइलहेक्झिल मेथॉक्सीसिनामेट किंवा ब्युटाइल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन (म्हणजे अॅव्होबेन्झोनच) दिसलं तर माल मिश्र आहे. ब्युटाइलऑक्टिल सॅलिसिलेट ही आणखी एक पळवाट. सनस्क्रीनचा घटक म्हणून ते मोजलं जात नाही, पण घडण केमिकल फिल्टरसारखीच आणि एसपीएफ, म्हणजे ऊन लागून त्वचा भाजण्यापासून संरक्षणाचा आकडा, वाढवायला घालतात. झिंक ऑक्साइड कधीकधी सीआय ७७९४७ या आकड्यामागे लपलेलं असतं, टायटॅनियम ७७८९१ मागे. नुसतं टायटॅनियम असेल तर मी परत ठेवते, कारण यूव्हीए या लांब लहरींच्या अतिनील किरणांपुढे ते कमी पडतं आणि जस्त पुरतं. टक्केवारी छापलेली असेल तर जस्त १५ च्या खाली घेत नाही. एसपीएफ ३० पुरेसं, पीएपुढे (ही यूव्हीएपासूनच्या संरक्षणाची खूण) निदान तीन अधिक-चिन्हं हवीत.

आता खरी अडचण, रंग. गव्हाळ चेहऱ्यावर जस्त राखाडी-जांभळट दिसतं, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. जबड्याच्या कडेला लावून दारापाशी, उजेडात पाहायचं. टिंट असलेली क्रीम घेतली की हे बरंच मिटतं. हा टिंट म्हणजे आयर्न ऑक्साइड, कॅलामाइनला गुलाबी करणारंच. वांग असणाऱ्यांनी तर टिंटचीच घ्यावी. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो, आणि बिनरंगी क्रीम तो प्रकाश फारसा अडवत नाही.

दुसरी चूक मापाची. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या थरावर मोजलेला असतो. चेहरा, कान आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून बुडापर्यंत एकेक रेघ, साधारण १ ग्रॅम. म्हणजे दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपायला हवी. चार महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन नाही, त्याचा वास लावताय. मी एका वेळी एकच रेघ लावते, ठिपके देऊन थोपटते, दोन मिनिटांनी दुसरी. चोळलं की खालच्या सिलिकोनवाल्या मॉइश्चरायझरबरोबर गोळ्या वळतात, मळ निघाल्यासारख्या. तसं झालं तर मॉइश्चरायझर कमी करायचं आणि ते जिरू द्यायचं.

इंदूरची स्वतंत्र भानगड म्हणजे तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ. नाक आणि गालाच्या हाडांवरून तो थर पुसून नेतो. स्कार्फ सोडल्यावर तिथे पुन्हा लावावं लागतं. एरवी उन्हात दर दोन तासांनी, घाम टिपून मगच. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, जाताना लोक आधी खोबरेल चोपडतात, त्यावर सनस्क्रीन धरत नाही, घसरतं. आधी क्रीम, ती बसली की तेल फक्त केसांना.

पावडर आणून खोबरेलात कालवायचा उद्योग करू नका. गुठळ्या होतात, मधे उघडी जागा राहते आणि बारीक पूड नाकात जाते.

गाडीच्या डिक्कीत ट्यूब ठेवली तर मे महिन्यात ती फुटते, म्हणजे आधी तेलकट पाणी येतं, मग घट्ट गोळा. तशी ट्यूब टाकून द्यायची, हलवून वापरायची नाही. पातळ लोशनचं वेगळं, त्यात पूड खाली बसते, म्हणून ते दर वेळी हलवायचंच.

काळ्या ओढणीवर पांढरे डाग पडतात, ते धुतल्यावर बहुतेक जातात. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्यावर गंजासारखा डाग दिसला तर तो बहुधा जुन्या केमिकल ट्यूबचा. बोरिंगच्या पाण्यातल्या लोहाशी अॅव्होबेन्झोनचं जमतं, आणि तो डाग ब्लीचने आणखी पक्का होतो.

रात्री नुसत्या फेसवॉशने जस्त निघत नाही. कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल अर्धा मिनिट फिरवायचं, पाण्याचा हात लावून दुधाळ झालं की धुवायचं, मग फेसवॉश. नाकपुड्यांच्या कडा राहतात.