बारा मात्रा, एक मिनिट
सकाळी दोन तास तबल्यावर धिरधिरचा रेला (भरभर वाजवायची बोलांची रचना) घासला. परीक्षा जवळ आलीय आणि झपतालातल्या कायद्याचे पलटे (कायदा म्हणजे एक ठरलेली रचना, पलटे म्हणजे तिचेच बोल उलटसुलट फिरवून केलेले प्रकार) अजून अडखळतायत, म्हणून बोटं नुसती पळवत होतो. संध्याकाळी एका ताईंच्या ख्यालाला साथ. विलंबित, म्हणजे अगदी संथ एकताल, एकेक मात्रा (तालातला ठोका) पाच सेकंदांची! 12 मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, अख्खं मिनिट. हात शिवशिवत होते (सकाळची खुमखुमी, दुसरं काय). चौथ्या मात्रेवर 'तिरकिट' हा ठरलेला बोल असतो, त्यात मी जादा बोलांचा जरा जास्तच भरणा केला. ताईंनी गाता गाता नुसतं वळून पाहिलं. चहाच्या वेळी म्हणाल्या, "अरे, मला सम दिसू दे की रे." सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, गाणारा तिथेच येऊन मिळतो.

उद्या रेला अर्धा तास कमी. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 12 ठोक्यांवर लावून नुसता ठेका, म्हणजे तालाचे साधे मूळ बोल. शेजारचे काका खूश होतील.