नववीत सुरू केलं म्हणून तीनदा पडता आलं

नववीच्या जूनमध्ये बाबांनी मला पुण्यात लॉ कॉलेज रोडजवळ भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणितसंस्थेच्या ऑलिंपियाडच्या (गणिताच्या स्पर्धापरीक्षांच्या) वर्गाला घातलं, तेव्हा घरात कुणी आयएसआयचं, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेचं, नावही ऐकलं नव्हतं. मी सेमी इंग्रजीचा, शाळेत गणितात ९५च्या खाली कधी आलो नव्हतो, एवढंच भांडवल.

पहिल्याच आठवड्यात एक गणित मिळालं. १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या घ्या. त्यांत एक दुसरीला भागते अशी जोडी असतेच, हे सिद्ध करा. मी दोनदा ५१-५१ संख्या लिहून काढल्या, दोन्ही वेळा जोडी सापडली, आणि ‘म्हणून हे नेहमीच खरं आहे’ असं लिहून मोकळा झालो. वही परत आली तेव्हा ‘म्हणून’भोवती लाल गोल होता आणि शेजारी ‘का?’

उत्तर सुचलं ते चार दिवसांनी, पीएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या. प्रत्येक संख्येला २ने भाग जाईल तितका द्यायचा, शेवटी विषम संख्या उरते. १०० पर्यंत विषम संख्या पन्नासच. म्हणजे एक्कावन्न जण आणि पन्नास खुर्च्या! एका खुर्चीत आलेल्या दोघांत फरक फक्त दोनाच्या घातांचा, तेव्हा लहान मोठीला भागणारच. तोवर शाळेत मला ‘किती?’ सगळ्यांनी विचारलं होतं, ‘का?’ कुणी नाही.

ऑलिंपियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, तिला आठवीपासून बसता येतं. तीन तास, ३० प्रश्न, १०० गुण. पर्याय नसतात, उत्तर ९९ पर्यंतची पूर्ण संख्या. नववीत मला ११ पडले (शाळेत कुणाला बोललो नाही). दहावीत पुन्हा गेलो, पुन्हा राहिलो. अकरावीत आरएमओपर्यंत, म्हणजे पुढच्या विभागीय फेरीपर्यंत पोचलो, तिथे सहापैकी दीड गणित सुटलं आणि गाडी थांबली. पण ‘म्हणून’ लिहिताना हात आपोआप अडखळायला लागला होता. ही सवय दोन महिन्यांत लागत नाही. लवकर सुरू करण्याचा मला झालेला फायदा तो हाच, बाकी दहावीपर्यंत मी रोज तासाभरापलीकडे काही केलं नाही.

चूक झाली ती अकरावीत. सगळे जातात म्हणून मीही जेईईच्या इंटिग्रेटेडला गेलो. कॉलेजला नाव, दिवसभर क्लास, दर रविवारी टेस्ट. एका शिक्षकांना सिद्धता विचारली तर म्हणाले, ‘अरे, जेईईत ती विचारतात का? सूत्र पाठ कर.’ मला जायचं होतं त्या आयएसआयच्या बी.मॅथला (गणिताच्या पदवीला) जेईईचे गुण चालत नाहीत, त्यांची स्वतःची परीक्षा असते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. जानेवारीत क्लास सोडला. आई आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलली. दुसरा हप्ता भरून झाला होता, तो परत मिळाला नाही.

बारावीत बोर्डाचा अभ्यास फेब्रुवारीपर्यंत, मग आयएसआयचे जुने पेपर. मे महिन्यात एकाच दिवशी दोन पेपर, दोन-दोन तासांचे. पहिल्यात ३० वस्तुनिष्ठ प्रश्न: बरोबरला ४, सोडून दिला तर १, चुकला तर शून्य. माहीत नसेल तर गप्प बसण्याचा एक गुण देणारी परीक्षा मी दुसरी पाहिली नाही. दुसऱ्यात ८ मोठी गणितं, तिथे प्रत्येक पायरी लिहून दाखवावी लागते. मी पाच पूर्ण केली, सहाव्यात ‘हे उघड आहे’ असं लिहिलं आणि खोडलं, कारण ते उघड नव्हतं.

बंगळूरला बी.मॅथला नाव लागलं. शिकवणीची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन, ही ओळ बाबांनी दोनदा वाचायला लावली. त्याच आठवड्यात त्या क्लासचा फोन आला: चौकातल्या फ्लेक्सवर लावायला फोटो पाठवा. बाबा म्हणाले, ‘पाठवतो की. आधी दुसरा हप्ता पाठवा.’