चार विसा, दहा आणि सात

मुलीच्या नाचाच्या क्लासची फी 97 युरो. कार्डाचं मशीन नाही, रोख नको, चेकच द्या, असं क्लासच्या बाई गोड हसून म्हणाल्या आणि मी फ्रान्समधल्या ल्याँ शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात पेन घेऊन बसले. आदल्याच महिन्यात पुण्याला जाऊन आले होते. तिथे भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीच्या जुड्यांना क्यूआर कोड टेकवून ठेवला होता.

चेकवर रक्कम अक्षरी लिहायची. फ्रेंचमध्ये 97 म्हणजे ‘कात्र-व्हँ-दीस-सेत’. चार वीस दहा सात. चार विसा ऐंशी, त्यावर दहा, त्यावर सात. माझी आजी शाळेत गेली नव्हती, गोवऱ्या ‘चार इसा अन् दहा’ अशाच मोजायची आणि आम्ही नातवंडं हसायचो. तिला इथल्या बँकेत काही अडलं नसतं. मला मात्र अडतं, कारण नुसत्या ऐंशीतल्या विसाला शेवटी ‘एस’ लागतो आणि पुढे दुसरा आकडा आला की तो गळतो. शेजारचे बेल्जियन आणि स्विस नव्वदला सरळ ‘नोनांत’ म्हणतात. ल्याँहून दोन तास रेल्वेने जिनिव्हाला गेलं की गणित सोपं होतं! अर्थात आपण कुठल्या तोंडाने हसायचं? 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असंही छापलं, तेव्हा त्यावर चिडणाऱ्यांत मीही होते.

पहिला चेक ‘एस’ने खाल्ला. दुसऱ्यावर आकड्यातला 7 मी आपल्या पद्धतीने, मधली आडवी रेघ न देता लिहिला. इथे एकच्या डोक्यावर एवढा मोठा तुरा काढतात, की बिनरेघेचा सात म्हणजे एकच वाटतो. बाईंनी विचारलं, “91?” अक्षरं दाखवली तेव्हा सुटले.

त्या रात्री फोनवर बाबांना हे सांगितलं. बाबांनी छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. ते खुर्चीत सरसावून बसल्याचं मला आवाजावरून कळलं. “चेक किती दिवस चालतो गं तिथे?”

“एक वर्ष आणि आठ दिवस.”

“आठ दिवस कशाला?”

“कायद्यात आहे, बाबा. आणि चेकवर गावाचं नावही लिहायचं. कुठे बसून लिहिला ते.”

“वा!” बाबा म्हणाले. आपल्याकडे 2012 पासून चेकचं आयुष्य सहावरून तीन महिन्यांवर आलं, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

इथे आल्या आल्या खातं उघडायला गेले तेव्हा मात्र कुणी ‘वा’ म्हणण्यासारखं काही नव्हतं. मुळात आत शिरणंच अवघड. बटण दाबायचं, पहिलं दार उघडतं, ते पाठीमागे बंद झाल्यावरच पुढचं उघडतं. मधल्या काचेच्या खोक्यात तुम्ही एकटे, आतला माणूस तुम्हाला न्याहाळतो. या खोक्याला फ्रेंचमध्ये ‘सास’ म्हणतात. हिंदी मालिका पाहिलेल्या बाईला आणखी काही सांगायला नको.

सासेतून सुटून आत गेले तर पत्त्याचा पुरावा मागितला, तोही तीन महिन्यांच्या आतला. विजेचं बिल चालेल. पण मी नवऱ्याच्या कंपनीने दिलेल्या खोलीत राहत होते, वीज कंपनीच्या नावावर. घर भाड्याने घ्यावं तर एजंट म्हणे ‘रिब’ आणा. रिब म्हणजे खात्याचा सगळा कुळवृत्तांत असलेला कागद. बँकेचा नंबर, शाखेचा नंबर, खात्याचा नंबर आणि शेवटी दोन आकडी किल्ली. खात्याशिवाय घर नाही, घराशिवाय खातं नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण आपल्याकडे कुणी केली असेल तो नक्की ल्याँला येऊन गेला असणार.

इथे प्रत्येकाला खात्याचा कायदेशीर हक्क आहे बरं का. बँकेने नाकारलं तर देशाची मध्यवर्ती बँक एखाद्या बँकेला तुमचं खातं उघडायला लावते. मात्र तेव्हा अर्जासोबत पहिल्या बँकेचं नकाराचं पत्र जोडावं लागायचं. आणि आमच्या बँकेतले गृहस्थ नकारही देत नव्हते. “आणखी एक कागद आणलात की झालंच, मादाम.” शेवटी नवऱ्याच्या सहकाऱ्याने ‘ही मंडळी माझ्याकडे राहतात’ असं लिहून दिलं, सोबत स्वतःचं ओळखपत्र आणि स्वतःचं विजेचं बिल. पूर्ण खोटं नव्हतं. दोन रविवार जेवायला होतोच.

मग नावाचा घोळ. पासपोर्टवर माझ्या नावाला लागून नवऱ्याचं नाव आहे, आपल्याकडे असतं तसं. “म्हणजे तुमची पहिली नावं दोन?” गृहस्थांनी विचारलं. “नाही, दुसरं नवऱ्याचं.” त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मग त्यांचं पहिलं नाव काय?” इथे माणसाचं खरं नाव जन्मदाखल्यावरचं. क्रांतीनंतर 1794 मध्ये तसा कायदाच झाला आणि लग्नाने बाईचं आडनाव कागदोपत्री बदलत नाही, सासरचं नुसतं वापरायला मिळतं. माझ्या पिढीच्या पुणेकर बाईला हे ऐकून टाळी द्यावीशी वाटते. पण पासपोर्टवर सासरचं आडनाव असताना माहेरचं सिद्ध करायला निघालं की टाळीचा हात कपाळाला लागतो. तो घोळ मिटला नाहीच. आजही बँकेची पत्रं माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव माझंच असल्यासारखी येतात.

कार्ड एका पाकिटातून आणि त्याचा पिन दुसऱ्या पाकिटातून पोस्टाने येणार होता. पिन आलाच नाही. तोवर घर मिळालं होतं, पण पत्रपेटीवर आमचं नाव चिकटवायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. पेटीवर नाव नाही म्हणून पोस्टमनने पाकीट ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं होतं.

“पण मी तिथेच राहते,” मी म्हटलं.

“पोस्ट म्हणतं तुम्ही राहत नाही,” गृहस्थ म्हणाले. त्यांच्या स्वरात जराही राग नव्हता.

हे गृहस्थ माझे ‘कोंसेये’, म्हणजे मला नेमून दिलेले सल्लागार. त्यांना भेटायला आधी वेळ घ्यावी लागते. मला ते आवडायला लागले होते, तेवढ्यात त्यांची बदली झाली. चार वर्षांत आता चौथे सल्लागार आहेत. प्रत्येकाला पत्त्याचा पुरावा नव्याने लागतो.

सगळंच जुनं आहे असं नाही. पावाच्या दुकानात कार्ड नुसतं टेकवलं की काम होतं. आता पैसे काही सेकंदांत पाठवताही येतात, पण नव्या माणसाचं खातं यादीत घातलं की माझी बँक ते तीन दिवस लोणच्यासारखं मुरू देते. 2024 पासून आपल्या यूपीआयने आयफेल टॉवरचं तिकीट काढता येतं. नाचाच्या बाई तेवढ्या अजून कक्षेबाहेर.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. नदी, टेकडीवरचं चर्च, रेशमाचे जुने माग सगळं पाहिलं, पण त्यांना हवी होती बँक. सासेतून एकदा जाऊन बघायचं होतं. गेलो तर दार बंद. सोमवार. आमची शाखा मंगळवार ते शनिवार उघडी असते, हे चार वर्षांनंतरही मी विसरते.

बाबा चष्मा लावून काचेवरची पाटी वाचत उभे राहिले. फ्रेंच येत नाही, पण आकडे येतात. “साडेबारा ते दोन जेवणाची सुट्टी,” ते म्हणाले. “पूर्ण दीड तास देतात?” मग जरा थांबून काचेतून आत डोकावले, काउंटरवरच्या रिकाम्या खुर्चीकडे. “उद्या मला एकट्याला येता येईल ना गं?”