तुम्ही विचारलंत म्हणून: स्त्रीबीजं प्रयोगशाळेलाच का दिली?

“मूल नसलेल्या जोडप्याला दिली असतीस तर पुण्य तरी लागलं असतं.” फोंड्यात कुणीही भेटलं की हे ऐकावं लागतंच. 2013 साली इंग्लंडात शिकताना मी माझी स्त्रीबीजं संशोधनासाठी दिली, हे कळल्यापासून.

त्रास झाला. रोज पोटात सुई, मग भूल देऊन बीजं काढणं, नंतर टम्म फुगलेलं पोट. पैसेही मिळाले. तिकडे त्याला भरपाई म्हणतात, तेव्हा मर्यादा 750 पौंडांची होती. ‘विकलीस’ म्हणालात तर मी चिडते. पैसे नसते तर दिली असती का, ते मात्र विचारू नका.

त्या वर्षी वहिनीचे उपचार पुन्हा फसले होते. चतुर्थीच्या नेवऱ्या तळताना आत्या म्हणाली, “परक्यांना वाटलंस, घरच्या सुनेची ओटी रिकामी!” मी टपूनच होते. “बीज माझं आणि बाकीचं दादाचं? सख्ख्या बहीणभावाचं मूल हवं होतं तुला?” आत्या गप्प. चुलत बहिणी तोंडाला पदर लावून हसल्या. वहिनी नेवरीला मुरड घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “आणि हे मधे नसते, तर दिली असतीस मला?”

मी पुढची नेवरी तेलात सोडली.

नसती दिली. दर चतुर्थीला माझ्या नाकाडोळ्यांचं पोर गणपतीवरच्या माटोळीखाली बागडताना बघणं मला झेपलं नसतं. प्रयोगशाळेत ती धास्ती नाही. भ्रूण झालाच तरी तिथला कायदा चौदा दिवसांपुढे वाढवू देत नाही. कुणी कधी दारात येणार नाही, अशाच जागी मी उदार झाले.

तेव्हाची मी म्हणायची, शरीर माझं, मर्जी माझी. दक्षिण कोरियात क्लोनिंगचे संशोधक ह्वांग वू-सुक यांच्या हाताखालच्या संशोधिकांनीही मर्जीनेच बीजं दिली, असं सांगितलं गेलं होतं. ह्वांग यांचे शोधनिबंध बनावट निघाले, 2006 मध्ये मागे घेतले गेले. माझ्या डोक्यावर साहेब नव्हता, हे मी ठासून सांगायचे. घरभाडं थकलं होतं, ते गाळायचे. पण गरज असलेल्या बाईला मर्जी नसतेच, हेही मला मान्य नाही.

आता आपल्याकडे 2021 चा कायदा दात्रीला आयुष्यात एकदाच बीजं देऊ देतो, तीही सातपर्यंतच. आत्याला सांगितलं तर म्हणाली, “मग ती एक खेप घरच्यांसाठीच राखायची.” पुन्हा जुंपली आमची.